चिंधीला भाव आला, आपला हिस्सा कोठे?

कापडाच्या व्यापारात चिंधीकडे माल म्हणून कोणी पाहत नसे. संध्याकाळी गाळा झाडायचा, कटिंग टेबलाखालचे कात्रण गोणीत भरायचे, चिंधीवाला आला की त्याच्या हवाली करायचे आणि मिळालेल्या पैशांत कारागिरांचा चहा-नाश्ता भागवायचा, एवढाच तिचा हिशेब. आज त्याच कात्रणाच्या सुतापासून विणलेली सतरंजी, टॉवेल किंवा पिशवी शहरातल्या मोठ्या दुकानांत 'रिसायकल्ड' अशी चिठ्ठी लावून मांडली जाते आणि पुष्कळदा नव्या मालापेक्षा महाग विकली जाते.

आम्ही कापडाच्या धंद्यात उमर घातली आहे. गेल्या काही वर्षांत निर्यात करणारे खरेदीदार कापडाचा भाव विचारण्याआधी 'यात जुना धागा किती टक्के आणि त्याचा कागद आहे का?' असे विचारू लागले आहेत, हा आमचा अनुभव आहे. माल आपल्या गल्लीत, हुनर आपल्या हातात आणि वाढीव भाव मात्र दुसऱ्याच्या गल्ल्यात, असे का होते याचा विचार व्हावा म्हणून या मालाची ओळख करून देत आहोत.

जुनाच धंदा, नाव नवे

जुन्यातून नवे काढणे आपल्याकडे कोणी परदेशातून आणलेले नाही. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बोहारीण हाच धंदा करते. तिच्या गाठोड्यातले धड कपडे निवडून, धुऊन जुन्या बाजारात जातात आणि फाटके सुती कपडे गॅरेज व कारखान्यांत पुसण्यासाठी जातात. घरोघरच्या खाला-आपांनी जुन्या साड्यांची आणि लुंग्यांची गोधडी शिवली, तीही हीच कला. कर्नाटकातील यल्लापूर-हळियाळ भागातल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून जी 'कवंदी' शिवतात, ती आज कलावस्तू म्हणून प्रदर्शनांत मांडली जाते.

कारखानदारीच्या पातळीवर या धंद्याचा आरंभ १८१३ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, बॅटली या गावी झाला. बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थाने जुने लोकरी कपडे फाडून त्यांचे तंतू नव्या लोकरीत मिसळले आणि त्याचे कापड केले. या मालाला 'शॉडी' हे नाव पडले. आपल्या देशात हरियाणातील पानिपत हे शॉडीचे सर्वांत मोठे ठिकाण झाले. पश्चिमेकडच्या देशांत टाकून दिलेले कपडे, पुन्हा अंगावर घालता येऊ नयेत म्हणून चिरे पाडून, गाठींनी तेथे येतात. भूकंप आणि पुराच्या वेळी मदत संस्था वाटतात ती जाड घोंगडी मोठ्या प्रमाणावर पानिपतचीच असत. पुढे पॉलिस्टरची मऊ आणि हलकी ब्लँकेटे स्वस्तात येऊ लागली, तेव्हा पानिपतच्या अनेक कारखानदारांनीही शॉडी सोडून तो माल धरला.

शॉडीच्या इतिहासात प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा सैनिकांच्या गणवेशाची घाई होती. काही कंत्राटदारांनी हलक्या शॉडीचे गणवेश चांगल्या कापडाच्या नावाने सरकारला दिले. ते अंगावरच फाटले. तेव्हापासून इंग्रजीत 'शॉडी' हा शब्दच निकृष्ट मालासाठी वापरला जाऊ लागला. माल वाईट नव्हता, नाव खोटे लावले होते, आणि बदनामी साऱ्या धंद्याच्या वाट्याला आली.

माल तीन तऱ्हेचा

पुनर्वापराचा कच्चा माल आपल्या बाजारात मुख्यतः तीन तऱ्हांचा येतो. पहिला, कारखान्यातला. कपड्याच्या कटाईत साधारण दहा-पंधरा टक्के कापड कात्रणात जाते, हे कोणताही कटिंग मास्तर सांगेल. त्यात लूमवरचे तुटके सूत, कापडाच्या कडा आणि फेंट म्हणजे थानातून निघालेले लहान तुकडे धरावेत. हा माल कोणी अंगावर घातलेला नसतो. त्यात कोणता धागा आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा, वापरलेल्या कपड्यांचा. त्यात सूत, पॉलिस्टर, नायलॉन, लायक्रा सारे एकत्र असते आणि वर बटणे व चेन. तिसरा, पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटल्यांचा. धारावीच्या तेराव्या कंपाउंडसारख्या ठिकाणी प्लास्टिक निवडण्याचे काम करणाऱ्यांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत.

या तिन्हींचा भाव एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे निवड. पांढरे सुती होजियरी कात्रण वेगळे ठेवले तर त्याला एक भाव येतो. तेच रंगीत टेरीकॉटमध्ये मिसळले की साऱ्या गोणीचा भाव टेरीकॉटच्या खाली जातो. मिसळायला एक क्षण लागतो, निवडायला दिवस. आणि ज्याला कोणी घेणारच नाही अशी मिसळलेली चिंधी कित्येक ठिकाणी भट्टीत जळण म्हणून जाते. तिच्यात पॉलिस्टर असल्यास धुराचा त्रास मोहल्ल्याला होतो.

धागा ओळखता येत नसेल तर जुनी पद्धत आहेच. दोन तार चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचा येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची काळी कडक गोळी होते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर माल मिसळीचा समजावा.

चिंधीचे सूत कसे होते

निवडलेले कात्रण आधी लहान तुकड्यांत कापतात. मग दातेरी रूळ असलेल्या यंत्रात ते विंचरले जाते आणि कापडाचा पुन्हा कापूस होतो. फाडताना तंतू तुटून आखूड होतात. आखूड तंतू एकटे पीळ धरत नाहीत, म्हणून त्यात थोडा नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते. त्याचे सूत 'ओपन एंड' पद्धतीने कातले जाते आणि ते जाडच होते, साधारण १० ते २० काउंटचे. यापासून मलमल होणार नाही. सतरंजी, चादर, पायपुसणे, किचन टॉवेल, जाड पिशवी आणि हातमोजे यांसाठी मात्र ते उत्तम. तामिळनाडूत कोइंबतूर आणि तिरुपूरच्या पट्ट्यात होजियरीच्या कात्रणापासून असे सूत काढणाऱ्या अनेक गिरण्या आहेत.

यात खरी बचत कोठे होते ते समजून घ्यावे. एक किलो सुती कापडामागे कापूस पिकवण्यापासून जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते. कात्रणाच्या सुतात हे पाणी एकदा खर्च होऊन गेलेले असते. दुसरी बचत रंगाची. कात्रण रंगानुसार निवडले तर निळ्याचे सूत निळेच निघते आणि रंगाई करावी लागत नाही. रंगाईचा खर्च गेला आणि नाल्यात जाणारे रंगाचे पाणीही वाचले. येथेही मोल निवडणाऱ्या हाताचे आहे.

बाटलीचे कापड

बाटली ज्या प्लास्टिकची असते त्याला पेट म्हणतात. पेट आणि पॉलिस्टर रसायनाने एकच आहेत, म्हणून बाटलीचे कापड होऊ शकते. बाटल्या निवडून, लेबल काढून त्यांचा चुरा करतात. तो चुरा पाण्यात टाकला की पेट बुडते आणि झाकणाचे प्लास्टिक वर तरंगते. धुऊन वाळवलेला चुरा सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळवून बारीक छिद्रांतून ओढला की तंतू तयार होतो. पारदर्शक बाटलीला भाव जास्त, हिरवीला कमी. चुऱ्यात थोडेसे पीव्हीसी गेले तरी सारा घाणा पिवळा पडतो.

२०१५ सालच्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघाने घातलेला पोशाख अशाच बाटल्यांच्या धाग्याचा होता. २०२३ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत घातलेले निळे जाकीटही त्याच जातीचे होते. या प्रसिद्धीनंतर स्कूलबॅग, छत्री, टोपी आणि गणवेश यांसाठी या कापडाची विचारणा वाढली.

पण माल विकताना त्याची दुसरी बाजूही ठाऊक असावी. बाटलीचे कापड हे शेवटी पॉलिस्टरच. ते मातीत कुजत नाही आणि धुताना त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. शर्ट झालेल्या बाटलीचा पुन्हा शर्ट होणे फार कठीण. म्हणून जे रोज धुवावे लागत नाही, अशा बॅग आणि छत्रीसारख्या मालासाठी हे कापड वापरणे शहाणपणाचे.

चिंधीचा कागद

सुती चिंधीचा आणखी एक जुना उपयोग आपल्या लोकांच्या हातचा आहे, तो म्हणजे हातकागद. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागझी घराणे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करते आणि त्यांचा कागद परदेशी जातो. आपल्या मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा हे गावच या हुनरीच्या नावाने आहे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली.

या कागदाला झाड तोडावे लागत नाही. सुती होजियरीचे कात्रण बारीक कापून पाण्याबरोबर कुटतात, त्याचा लगदा जाळीवर उचलतात, दाबतात आणि वाळवतात. निमंत्रणपत्रिका, वह्या, भेटवस्तूंच्या पिशव्या आणि अत्तराचे खोके यांसाठी या कागदाला मागणी आहे. येथेही अट तीच: कात्रण शुद्ध सुती हवे. पॉलिस्टर मिसळले असेल तर लगदा होत नाही.

पिशवीचा हिशेब

आपल्या लहान कारागिराला आज सहज करता येण्याजोगी वस्तू म्हणजे कापडी पिशवी. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकची पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. कापडासारखी दिसणारी 'नॉन-वोव्हन' पिशवीही प्लास्टिकचीच असते आणि तिला ६० जीएसएमची अट आहे. दुकानदाराला पर्याय हवा आहे, तो आपण द्यावा.

हिशेब असा. १४ इंच रुंद आणि १६ इंच उंच पिशवीसाठी ३६ इंच पन्ह्याच्या कापडाचा १५ इंचाचा तुकडा लागतो. तो तळाशी दुमडला की खाली शिवण येत नाही आणि वजनाने पिशवी उसवत नाही. पट्ट्यांसाठी आणखी ३ इंच. म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा थोडे कमी कापड. १५० जीएसएमच्या कापडात ही पिशवी सुमारे ६३ ग्रॅमची होते, म्हणजे किलोला १५ निघायला हव्यात. परंतु फेंटमध्ये डाग असतात, भोके असतात, पन्हा कमी-जास्त असतो. म्हणून किलोला १० धरूनच भाव बोलावा. जो १५ धरून भाव बोलतो, तो पुढे शिलाईच्या मजुरीला कात्री लावतो, आणि ती कात्री घरी मशीन चालवणाऱ्या आपल्याच आपा-भाभींच्या हातावर पडते.

लहान तुकडेही फेकू नयेत. पट्टीच्या टोकांना दुहेरी शिवण आणि आतून चौकोनी तुकडा लावला तर पिशवी वर्षभर टिकते. टिकणे हाच या वस्तूचा खरा गुण. चार फेऱ्यांत फाटणारी कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा चांगली कशी म्हणायची?

नावाची चिठ्ठी आणि तिचा कागद

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठा खरेदीदार जो जादा भाव देतो, तो चिंधीला देत नाही. चिंधीच आहे याच्या पुराव्याला देतो. जगाच्या कापडबाजारात यासाठी सर्वांत जास्त विचारले जाणारे प्रमाणपत्र म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, व्यापारी भाषेत जीआरएस. मालात किमान २० टक्के पुनर्वापराचा धागा असल्याशिवाय ते मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला दिसेल अशी त्याची खूण मालावर लावायची तर किमान ५० टक्के धागा लागतो. चिंधीचे सूत करणाऱ्यापासून पुढे विणणारा, रंगवणारा, शिवणारा अशा प्रत्येकाची तपासणी होते. माल एका हातून दुसऱ्या हाती गेला की त्या सौद्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते. मधली एक कडी कच्ची निघाली तर पुढचा सारा माल साधा ठरतो. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ऑर्डर घेताना चालू नियम खरेदीदाराकडून लेखी घ्यावेत.

चिंधी गोळा करणाऱ्याला आणि निवडणाऱ्याला स्वतः हे प्रमाणपत्र काढावे लागत नाही, ही बाब आपल्या लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. त्याच्याकडून लागते ते लेखी निवेदन, की माल अमुक ठिकाणाहून, अमुक वजनाचा, अमुक तऱ्हेचा आला. त्यासोबत खरेदी-विक्रीची कागदपत्रे. जेथे वर्षानुवर्षे गोणी रोखीने आणि तोंडी भावाने विकली गेली, तेथे हा कागद नसतो. मग सूत काढणारा कारखाना दुसऱ्या प्रांतातून, कागद देणाऱ्या व्यापाऱ्याकडून माल उचलतो. आपली गोणी तितकीच स्वच्छ असूनही भंगाराच्या भावात जाते. आपला हिस्सा हरवतो तो नेमका येथे.

दुसरी बाजू खोटेपणाची. नवे पॉलिस्टर स्वस्त झाले की त्यालाच 'बाटलीचे' म्हणून खपवण्याचा मोह होतो. कापड हातात घेऊन हा फरक कळत नाही, म्हणून सारा व्यवहार भरवशावर आणि कागदावर चालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द नुसते छापून चालत नाही, त्यांचा खुलासा आणि पुरावा द्यावा लागतो. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा चिठ्ठीवर 'निसर्गाचा मित्र' असे लिहिण्यापेक्षा 'या सतरंजीत ६० टक्के कात्रणाचे सूत आहे' असे लिहावे, आणि तेवढे असेल तरच लिहावे. मापात आणि नावात खोट नसावी, ही शिकवण आपल्याला काही नवी नाही.

आपण काय करावे

पहिले, गाळ्यात तीन गोण्या ठेवाव्यात: पांढरे सुती, रंगीत सुती आणि मिसळीचे. कात्रण पडतानाच वेगळे झाले तर निवडीची मजुरी वाचते.

दुसरे, गोणी वजन करून, बिलाने विकावी. वहीत तारीख, तऱ्हा आणि वजन लिहावे. जीएसटीचा दर आणि नोंदणीची गरज आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावी.

तिसरे, शिवणाऱ्या आणि विणणाऱ्या कारागिरांनी उद्यम नोंदणी करावी. १ जुलै २०२० पासून ती आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते आणि त्यासाठी सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. आम्हा निव्वळ व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, ते माल बनवणाऱ्यांना आहे. म्हणून कारागिराने आपले नाव नोंदवणे त्याच्याच फायद्याचे.

चौथे, जिवाची काळजी. चिंधी फाडण्याच्या आणि निवडण्याच्या जागी बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात बसते. तोंडावर चांगला मास्क आणि खिडकीला पंखा ही चैन नव्हे. चिंधीचे गोदाम ठिणगीने पेटते. तेथे विडी-सिगारेट नको, उघड्या वायरी नकोत, आणि बाहेर पडायला दुसरा दरवाजा असावा.

पाचवे, दहा-वीस जणांनी मिळून माल एकत्र करावा. सूत काढणाऱ्या कारखान्याला टनाने माल लागतो, एका गाळ्याच्या दोन गोण्यांसाठी तो येत नाही. एका मोहल्ल्यातील गाळ्यांनी एकाच तऱ्हेचे कात्रण एका जागी, एका वहीवर जमवले तर चिंधीवाल्याच्या दारी न जाता थेट गिरणीशी भाव बोलता येईल. चिंधीवाल्यालाही यात सामील करून घ्यावे. निवडीचे ज्ञान त्याच्याइतके कोणाला नाही, आणि त्याची रोजी तोडून आपली वाढवण्यात बरकत नाही.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या मालाची मागणी खरेदीदाराच्या गरजेतून आलेली आहे आणि ती कागदाच्या वाटेने येते आहे. ज्याच्याकडे निवडलेला माल, वजनाची वही आणि खरी चिठ्ठी असेल त्याच्या दारी ती थांबेल. येत्या आठवड्यात एवढे तरी करावे: गाळ्यात तीन गोण्या ठेवून आठ दिवसांचे कात्रण वेगवेगळे तोलून पाहावे. आपण दर आठवड्याला किती माल भंगाराच्या भावात देत होतो, ते तराजूच सांगेल.